जरा टोन द्या

श्रोतेहो, तुमच्या घरी जुन्या कागदांची एखादी फाईल असेल तर ती सवडीने काढून पाहा. एखाद्या पेढीचे दरपत्रक, एखाद्या कारखान्याचे पत्र, एखाद्या वकिलाची नोटीस असे काहीतरी तीत सापडेल. पत्राच्या मथळ्यात दूरध्वनीचा क्रमांक असेल, त्याच्या शेजारी फॅक्सचा क्रमांक असेल, आणि पुष्कळदा हे दोन्ही क्रमांक एकच असतील. ती छापणाऱ्याची चूक नव्हे. त्या कचेरीत तार एकच होती. तिच्यावरून माणसे बोलत आणि यंत्रेही बोलत. आता कोणाची पाळी, हे ठरवायला मध्ये एक माणूस बसलेला असे. आज मला बोलायचे आहे ते त्या मधल्या माणसाबद्दल. आपल्या संगणकाला त्याच्याशी कसे वागावे हे कळत नसे, आणि ते त्याला शिकवावे लागे. ती हकीकतही सांगायची आहे.

मी काही इंजिनियर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा एम. ए. झालेला माणूस. परंतु एम. ए.ची परीक्षा बाहेरून देत असताना दोन वर्षे मी संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत आमच्या तालुक्याच्या गावी एका एसटीडी बूथवर बसत असे. बूथचे मालक अण्णा. काचेची एक खोली, मीटर, लाल अक्षरांची पाटी आणि फॅक्सचे यंत्र. या विषयातले जे काही थोडेबहुत मला कळते, ते त्या खुर्चीवर बसून कळलेले आहे.

प्रथम फॅक्स म्हणजे काय ते पाहू. कागद तारेतून जात नाही हे तुम्हाला सांगायला नको. पण त्या काळी आमच्या बूथवर येणाऱ्या एखाद्या भल्या गृहस्थाला पैसे दिल्यावर आपला कागद परत मिळाला की शंका येई. "गेला म्हणताय, मग हा इथं कसा?" असे तो विचारी. त्याचा प्रश्न वेडगळ नव्हता. जे गेले ते कागदाचे वर्णन होते. यंत्र पानाच्या आडव्या रेघा पाडते. एका रेघेत १७२८ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, एवढेच ते पाहते. साध्या प्रतीत उंचीच्या एका मिलिमीटरला ३.८५ रेघा, म्हणजे ए-फोर आकाराच्या पानात अकराशेहून थोड्या अधिक रेघा आणि वीस लाखांच्या घरात ठिपके. सेकंदाला ९६०० खुणा या वेगाने हे ठिपके एकेक करून सांगायचे म्हटले तर जवळजवळ साडेतीन मिनिटे लागतील. म्हणून यंत्र "पांढरा, पांढरा, पांढरा" असे घोकत बसत नाही. "इतके पांढरे, मग इतके काळे" अशी मोजदाद सांगते. पानाचा बराचसा भाग कोराच असतो, त्यामुळे साधे पत्र मिनिटाच्या आत पोचते. १९८० साली ही पद्धत सगळ्या देशांसाठी एकच ठरली, आणि म्हणून कोणत्याही कंपनीचे यंत्र दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या यंत्राशी बोलू लागले.

कल्पना मात्र फार जुनी. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने तारेतून चित्र पाठवण्याच्या युक्तीचे पेटंट १८४३ साली घेतले. जिओव्हान्नी कासेल्ली या इटालियन गृहस्थाच्या यंत्राने १८६५ साली पॅरिस आणि लिआँ या शहरांमध्ये हस्ताक्षरे आणि चित्रे पाठवण्याची सेवा सुरू झाली. बेल यांचा टेलिफोन आला तो १८७६ साली. म्हणजे पाहा, तारेवरून चित्र आधी गेले आणि माणसाचा आवाज मागाहून आला! पण पुढे टेलिफोनच्या तारा घरोघर पोचल्या आणि चित्राला त्या आवाजाच्या घरात भाडेकरू म्हणून राहावे लागले. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यापुरती बेतलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच आवाजाला तिच्यात वाव. तेव्हा यंत्राला जे काही सांगायचे ते शिट्ट्यांत आणि घरघरीत सांगणे भाग पडले.

या शिट्ट्यांना एक शिस्त आहे. ती समजली की पुढचे सारे समजते. पाठवणारे यंत्र फोन लावल्यावर अर्धा सेकंद एक बारीक सूर काढते, मग तीन सेकंद गप्प बसते, पुन्हा अर्धा सेकंद सूर. म्हणजे "मी फॅक्स आहे हो, कोणी आहे का?" एवढाच त्याचा अर्थ. पलीकडचे यंत्र उत्तरादाखल तीनएक सेकंदांची लांबलचक, जास्त उंच शीळ घालते. हाच आपल्याकडे प्रसिद्ध झालेला "टोन". त्यानंतर दोन घरची वडीलधारी माणसे याद्या करायला बसावीत तशी बोलणी होतात. घेणारे यंत्र आधी आपली कुवत सांगते: मी अमुक वेगाने घेऊ शकतो, अमुक बारकाईने छापू शकतो. पाठवणारे म्हणते, ठीक, मग या वेगाने सुरू करू. आणि नमुन्यादाखल दीड सेकंद बोलून दाखवते. पलीकडून "ऐकू आले" असा होकार आला की मगच पान निघते. पान संपल्यावर "मिळाले का?" "मिळाले." आणि निरोप.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. शीळ आणि कुवत आधी सांगायची ती घेणाऱ्याने. पाठवणारा तोवर थांबतो. घेणारा आपले म्हणणे दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगतो आणि कोणी दाद दिली नाही, तर सुमारे पस्तीस सेकंदांनी कंटाळून तार सोडून देतो.

आता घेणाऱ्या बाजूला यंत्र आपोआप फोन उचलत असेल, तर सगळे सुरळीत. पण आपल्याकडे तसे क्वचित असे. नव्वदीच्या दशकात टेलिफोन मिळायला वर्षे लागत. दुसरी तार घेणे म्हणजे चैन. दिवसाकाठी पन्नास फोन माणसांचे यायचे आणि फॅक्स दोन. यंत्राला आपोआप उचलण्याची मुभा दिली, तर पन्नास गिऱ्हाइकांच्या कानांत शीळ शिरायची. म्हणून यंत्र गप्प ठेवत आणि फोन माणूस उचली. पाठवणारा म्हणे, "फॅक्स करायचाय, जरा टोन द्या." उचलणारा बटण दाबी. पलीकडून शीळ आली की पाठवणाराही आपले बटण दाबी, आणि दोघे रिसीव्हर ठेवून देत. अवघ्या देशाने न शिकवता शिकलेले हे वाक्य: "जरा टोन द्या."

गाठ पडली ती संगणक आल्यावर. आणि ती कशी सुटली हे सांगण्यासाठी मला २००१ सालच्या पावसाळ्यातल्या एका रात्रीची हकीकत सांगितली पाहिजे.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एका विजेने अण्णांचे फॅक्स यंत्र जाळले. टेलिफोनच्या तारेतून वीज यायची आणि यंत्र खलास व्हायचे, हे नेहमीचेच होते. अण्णांनी मुलासाठी संगणक घेतला होता, त्याला मोडेम होता, शेजारी स्कॅनर होता. मोडेम म्हणजे संगणकाची भाषा टेलिफोनच्या शिट्ट्यांत उतरवणारी पेटी. अण्णा म्हणाले, "नवं यंत्र येईस्तोवर याच्यावरनंच पाठव." दोन-तीन आठवडे ते चाललेही, कारण ज्यांना पाठवायचे त्यांची यंत्रे आपोआप उचलणारी होती.

एका रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या शेजारच्या काकू पावसात भिजत आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. काका पुण्याला लेकीकडे गेले होते, तिथे छातीत दुखू लागले म्हणून त्यांना रुग्णालयात नेलेले. लेकीचा फोन आला होता. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला होता आणि त्यात एक बदल दिसत होता. तो आजचा असेल तर रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन द्यावे लागणार. आणि त्या इंजेक्शनाने शरीरात दुसरीकडे कुठे रक्तस्राव होण्याची भीती असते. बदल जुनाच असेल, तर विचार वेगळा. दोन वर्षांपूर्वीचा कार्डिओग्राम घरी फाईलीत होता. डॉक्टरांना तो पाहायचा होता, आणि लगेच.

श्रोतेहो, फोनवरून औषधाचे नाव सांगता येते, ताप सांगता येतो. पण वेड्यावाकड्या रेघेचा आलेख फोनवरून कसा सांगणार? तो दाखवावाच लागतो.

मी आलेख स्कॅनरवर ठेवला, पुण्याचा क्रमांक टिपला आणि "पाठवा" वर टिचकी मारली. मोडेमच्या पोटात एक लहानसा स्पीकर असतो. पलीकडे काय चालले आहे ते त्यातून ऐकू येते. घंटा वाजली. कोणीतरी उचलले. "हॅलो?" आमच्या मोडेमने अर्धा सेकंद सूर काढला. "हॅलो, कोण बोलतंय?" पुन्हा सूर. "कोण शिट्टी मारतंय रे?" आणि धाडकन फोन ठेवला. पडद्यावर अक्षरे आली: पाठवता आले नाही, पुन्हा प्रयत्न होत आहे. संगणकाने आपण होऊन पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुण्याच्या माणसाने तोंडात आले ते बोलून घेतले. काकू पडद्याकडे पाहत उभ्या होत्या. "गेला का रे?" त्यांनी विचारले.

दोष कोणाचा? पुण्याच्या माणसाचा नव्हे. त्याला कोणी "टोन द्या" म्हटलेच नव्हते. संगणकाचाही नव्हे, त्याने ठरल्याप्रमाणे सूर काढला आणि शिळेची वाट पाहिली. माणूस "हॅलो"ची वाट पाहत होता, यंत्र शिळेची. दोघेही सभ्यपणाने वाट पाहत होते आणि मध्ये आमचे काका खाटेवर होते.

मी अण्णांचा साधा टेलिफोन उचलून त्याच क्रमांकावर फोन लावला. "मामा, ठेवू नका. मघाशी शिट्ट्या मारत होतो तो मीच." मामा आधी तापले, मग काकांचे नाव ऐकल्यावर निवळले. म्हटलं, "मामा, तुमच्यासमोर फॅक्सचं मशीन आहे ना? त्यावर स्टार्ट लिहिलेलं बटण असेल." "आहे, हिरवं." "ते दाबा आणि फोन ठेवा." पलीकडे क्षणभर शांतता. मग मामांनी विचारले, "आधी दाबू का आधी ठेवू?"

त्या रात्रीतला सगळ्यांत शहाणा प्रश्न तो होता. आणि मी घाईत म्हणालो, "कसंही करा." मामांनी आधी ठेवला. लाईन तुटली.

पुन्हा फोन. या खेपेला सांगितले, "आधी दाबायचं. मशीन शीळ घालायला लागलं की मगच ठेवायचं." कारण उघड आहे. रिसीव्हर उचललेला असतो तोवर तार आपल्या हातात असते. यंत्राने ती धरण्याआधी आपण सोडली, तर एक्सचेंज समजते की बोलणे संपले. एकाने धरावी आणि मगच दुसऱ्याने सोडावी. विहिरीवर भरलेली घागर एका हातातून दुसऱ्या हातात देतात तशी.

मामांनी दाबले. शीळ आली! मी इकडे "पाठवा" वर टिचकी मारली, आणि संगणक म्हणाला, "डायल टोन नाही." कपाळाला हात लावला. अर्थात नव्हताच. मोडेमला शिकवलेले असते की तार उचलली की आधी एक्सचेंजचा तो संथ गुणगुणणारा सूर ऐकायचा आणि मगच नंबर फिरवायचा. इथे तर तारेवर आधीच पुणे लागलेले. सूर येणार कोठून? तेवढ्यात पस्तीस सेकंद संपले आणि पलीकडचे यंत्र तार सोडून गेले.

अण्णांनी मोडेमबरोबर आलेली पुस्तिका गादीखालून काढून दिली. तीत उपाय होता. मोडेमला द्यायच्या आज्ञा "एटी" या अक्षरांनी सुरू होतात. त्यांत "एक्स-तीन" अशी एक आज्ञा असते. तिचा अर्थ, डायल टोनची वाट पाहू नकोस. ती मांडणीत भरली. आणि नंबराच्या जागी नंबर न लिहिता नुसता स्वल्पविराम लिहिला. मोडेमच्या भाषेत स्वल्पविराम म्हणजे क्षणभर थांब. साधारणपणे दोन सेकंद. मराठीच्या विद्यार्थ्याला त्या परिस्थितीतही याची गंमत वाटली. आम्ही तरी स्वल्पविरामाचा अर्थ निराळा काय सांगतो? म्हणजे आज्ञेचा एकूण अर्थ असा झाला: तार उचल, काही फिरवू नकोस, क्षणभर थांब, आणि पाठवणाऱ्याच्या नात्याने बोलायला लाग.

चौथ्यांदा फोन लावला. मामा आता तयारीचे झाले होते. "दाबू?" "दाबा." शीळ. मी टिचकी मारली. मोडेमने तार धरल्याचा कट्ट आवाज झाला, आणि मगच मी रिसीव्हर ठेवला. मोडेमच्या पोटात घरघर सुरू झाली. काकूंनी हात जोडले होते, ते मोडेमला की कोणाला, मी विचारले नाही.

पान गेले. पडद्यावर "यशस्वी" असे आले. पण पाच मिनिटांनी लेकीचा फोन आला. डॉक्टर म्हणत होते, आलेख नीट दिसत नाही. रेघ जिन्यासारखी तुटक आलेली आहे आणि मागच्या चौकटी काळ्याभोर झाल्या आहेत. कार्डिओग्रामचा कागद गुलाबी चौकटींचा असतो आणि त्यातली लहान चौकट एक मिलिमीटरची. साध्या प्रतीत मिलिमीटरला चारही रेघा नाहीत. मग बारीक चढउतार उमटणार कसे? आणि फॅक्सला गुलाबी रंग ठाऊक नाही. त्याला काळा ठाऊक आणि पांढरा ठाऊक. मी स्कॅनरवर उजेड वाढवून पुन्हा प्रतिमा घेतली, तेव्हा चौकटी फिक्या झाल्या आणि रेघ उठून दिसली. मग "फाईन" ही प्रत निवडली. तीत मिलिमीटरला ७.७ रेघा येतात, वेळ दुप्पट लागतो. पाचव्यांदा मामा, पाचव्यांदा "दाबू?"

या खेपेला आलेख वाचता आला. बदल दोन वर्षांपूर्वीचाच होता. डॉक्टरांनी ते इंजेक्शन थांबवले आणि दुसऱ्या तपासण्या केल्या. काका पुढच्या आठवड्यात गावी परत आले. श्रेय डॉक्टरांचे, आम्ही हमालच. पण हमालाने ओझे भलत्या दारात टाकले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. अण्णांनी त्या रात्री फक्त शेवटच्या फोनचे पैसे घेतले.

तेव्हा तुमच्यावर असा प्रसंग आला तर काय कराल? जुना संगणक, जुना मोडेम आणि तांब्याची तार आजही काही कचेऱ्यांत आहे, म्हणून क्रमाने सांगतो. मोडेमला मागे दोन खाचा असतात. एकीत भिंतीवरून आलेली तार घाला, दुसरीत साधा टेलिफोन जोडा. पाठवायचा कागद आधी संगणकात तयार ठेवा. टोन आल्यावर फाईल शोधायला वेळ नसतो. डायल टोनची अट काढून टाका आणि नंबराच्या जागी स्वल्पविराम लिहा. काही कार्यक्रमांत "हाताने पाठवा" अशी सोय असते, तर तीच निवडा. मग साध्या टेलिफोनवरून फोन लावा. पलीकडचा माणूस बोलला की त्याला आधी नमस्कार करा, आपले नाव सांगा, किती पाने आहेत ते सांगा आणि मग टोन मागा. शीळ कानावर आली की "पाठवा". मोडेमने तार धरली की रिसीव्हर ठेवा, त्याआधी नाही; आणि धरल्यानंतर रिसीव्हरमध्ये बोलू नका, खोकूसुद्धा नका. मोडेमने टेलिफोन तोडला नसेल, तर तुमचा खोकला पलीकडच्या पानावर काळा पट्टा होऊन उमटेल, किंवा पानच जाणार नाही. घरात त्याच तारेवर दुसरा टेलिफोन असेल, तर मुलांना तो उचलू नका म्हणून सांगा.

आणखी एक शंका नेहमी येते. फोन पलीकडच्याने केला आणि कागद मात्र आपण पाठवायचा, तर? फोन कोणी केला याचे यंत्राला सोयरसुतक नसते. जो पाठवणार त्याने "फोन करणाऱ्या"ची भूमिका घ्यायची, जो घेणार त्याने "उचलणाऱ्या"ची. दोघांनी एकच भूमिका घेतली तर दोघेही सूर काढत बसतील, नाहीतर दोघेही शीळ.

शेवटची पायरी लोक विसरतात. पान गेल्यावर पुन्हा फोन करून विचारायचे, "वाचता येतंय का?" कारण "यशस्वी" या शब्दाचा अर्थ इतकाच की एका यंत्राला दुसऱ्या यंत्राचे म्हणणे कळले. माणसाला कळले की नाही, हे माणसालाच विचारावे लागते. कायद्यानेही या कागदाला हलके लेखलेले नाही. धनादेश वटला नाही म्हणून द्यायची नोटीस फॅक्सने गेली तरी ती नोटीसच, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली एका खटल्यात मानले. तेव्हा कागद पोचला या म्हणण्याला वजन आहे, आणि वजन आहे म्हणूनच खात्री करायची.

आता एक लहानशी गोष्ट सांगतो, जी सांगायला मला बरे वाटत नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास एका व्यापाऱ्याने वीस दुकानदारांना दरपत्रक पाठवायला दिले. रात्री उशिरा फोनचा दर उतरे, म्हणून मी यादी संगणकात भरली आणि अभ्यासाला बसलो. अकराच्या पुढे एका क्रमांकावर घंटा वाजली आणि मोडेमच्या स्पीकरमधून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला, "हॅलो? बाळ का?" मोडेमने सूर काढला. "बाळ, ऐकू येत नाही रे. मोठ्यानं बोल." पुन्हा सूर. टेलिफोनचे यंत्र त्या दिवशी मी मोडेमला जोडलेले नव्हते. मला उत्तर देता येईना. त्यांनी ठेवला. नंबर यादीतच चुकलेला होता. आणि मी तार उपसून काढीपर्यंत संगणकाने त्यांना दुसऱ्यांदा उठवले होते. "बाळ का?" ही हाक दुसऱ्यांदा ऐकली.

त्यांचा बाळ कुठे होता, परगावी की परदेशी, मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून मी एक नियम पाळला. पलीकडे यंत्र आहे याची खात्री नसेल, तर संगणकाला एकट्याला फोन करू द्यायचा नाही. आधी माणसाने माणसाशी बोलायचे, मग यंत्राने यंत्राशी.

तुम्ही म्हणाल, आता हे सारे इतिहासजमा झाले. भ्रमणध्वनीने कार्डिओग्रामचा फोटो काढला की क्षणात पुण्याला पोचतो, आणि गुलाबी चौकटीही गुलाबीच दिसतात. खरे आहे, आणि चांगले आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने २०१९ सालापासून नवी फॅक्स यंत्रे घेण्यास बंदी केली. पण जपानात २०२० साली साथीच्या काळात डॉक्टर रुग्णांची माहिती हाताने लिहून आरोग्यकेंद्रांना फॅक्सनेच कळवीत होते. यंत्र मरायला सहसा तयार नसते. ज्यांच्याकडे तांब्याच्या तारेऐवजी इंटरनेटवरून चालणारा टेलिफोन आला आहे, त्यांना एक नवीच अडचण येते. तिथे आवाजाचे तुकडे करून ते वेगवेगळे पाठवतात. बोलताना एखादा तुकडा गळला तर माणसाचा कान आपली पदरची भर घालून घेतो. फॅक्सला ती भर घालता येत नाही. त्यासाठी १९९८ साली वेगळा नियम करावा लागला, आणि तो दोन्हीकडे नसेल तर फॅक्स अडतो.

पण मला वाटते, "जरा टोन द्या" या तीन शब्दांची गरज संपलेली नाही. आपण आजही संगणकाकडून माणसांना निरोप पाठवतो, फोन लावतो, स्मरणपत्रे धाडतो, आणि "गेले" असे पडद्यावर आले की हात झटकतो. पलीकडे कोण उचलते आहे, त्याला काय ऐकू येते आहे, कोणते बटण आधी दाबायचे हे त्याला कोणी सांगितले आहे का, याची चौकशी आपण करत नाही. आणि त्याने चिडून ठेवून दिले की त्याला अडाणी म्हणतो.

पुण्याचे ते मामा मला कधी भेटले नाहीत. काका घरी आल्यावर मी लेकीकडून रुग्णालयाचा क्रमांक पुन्हा मागून घेतला आणि आभार मानायला फोन केला. नेमके मामाच होते. माझा आवाज ऐकताच त्यांनी विचारले, "दाबू का?" म्हटलं, "नको मामा, आज नुसतंच बोलायचंय."